उद्याही तेच सांगणारा काटा

लाल दिवा लागला की दाब जास्त झाला, निळा लागला की कमी पडला. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं एडिसनचं वीज केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी दुपारी सुरू झालं, तेव्हा यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला विजेच्या दाबाबद्दल जे कळायचं ते या दोन दिव्यांवरून. मुख्य तारांवर एक विद्युतचुंबक जोडलेला होता आणि त्याच्यासमोर लोखंडी पट्टी तोलून धरलेली होती. दाब ठरलेल्या पातळीच्या एकदोन व्होल्ट वर गेला की पट्टी एका बाजूला टेकायची आणि लाल दिवा पेटायचा. दाब खाली आला की ती दुसऱ्या बाजूला टेकायची, निळा पेटायचा. मग तो माणूस हाताने एक चाक फिरवायचा, डायनॅमोच्या फील्डमधला, म्हणजे त्याचं चुंबक जागवणाऱ्या वेढ्यांमधला, रोध बदलायचा, आणि दोन्ही दिवे विझेपर्यंत फिरवत राहायचा.

विजेचा इतिहास सांगताना लोक दिव्याची गोष्ट सांगतात, डायनॅमोची सांगतात, एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांच्या भांडणाची तर चवीने सांगतात. मीटरपाशी फारसं कोणी थांबत नाही. माझी नोकरी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या टेस्टिंग विभागात झाली. पॅनलवरचे अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर, वॉटमीटर उतरवायचे, टेबलावर आणून प्रमाण मीटरशी ताडायचे, फरक कार्डावर लिहायचा, पुन्हा जागेवर लावायचे. त्यामुळे माझं मन या सगळ्या इतिहासात मीटरपाशीच घुटमळतं. आणि वाचत गेले तसतशी एक गोष्ट पक्की होत गेली. वीज मोजता येत नव्हती असं कधी झालंच नाही. वीजघरं उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून ती अतिशय बारकाईने मोजली जात होती. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. वीजघरात, रोज, तासातासाला, कोणाही साध्या माणसाकडून ती मोजून घ्यायची कशी, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

१८२० साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई वळते. त्याच वर्षी जर्मनीत श्वाइगरने सुईभोवती तारेचे पुष्कळ वेढे दिले आणि सुईचं वळणं कितीतरी वाढवलं. गॅल्व्हॅनोमीटर तिथे जन्माला आला. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून संदेश वाचायची वेळ आली, तेव्हा विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, एका चिमुकल्या आरशाच्या पाठीवर चुंबक चिकटवून तो रेशमाच्या धाग्याला टांगला. आरशावर पडलेला उजेड दूरच्या पट्टीवर सरकायचा. हजारो मैलांवरून आलेली क्षीण वीजसुद्धा त्यात दिसायची. इतकं नाजूक यंत्र माणसाच्या हाती आलं होतं, तेही पर्ल स्ट्रीटच्या चोवीस वर्षं आधी.

मग एडिसनच्या माणसांनी तेच का नाही लावलं? कारण वीजघर ही प्रयोगशाळेच्या अगदी उलट जागा आहे. टँजंट गॅल्व्हॅनोमीटरचंच घ्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेत कुंडल, म्हणजे तारेच्या वेढ्यांचं कडं, काटेकोर बसवायचं, सुई किती अंश वळली ते पाहायचं, कोष्टकात त्या कोनाचा टँजंट शोधायचा, त्याला एका स्थिरांकाने गुणायचं. तो स्थिरांक पुन्हा त्या गावातल्या पृथ्वीच्या चुंबकत्वावर अवलंबून. आणि इथे पाच पावलांवर सत्तावीस टनांचा जम्बो डायनॅमो गरगरतोय, त्याचं प्रचंड चुंबकत्व सगळ्या खोलीवर पसरलेलं, वाफेच्या इंजिनाने जमीन थरथरतेय, वर लोखंडी तुळया. सुईने पृथ्वीचं ऐकायचं की डायनॅमोचं? शिवाय सुई एकदा हलली की कितीतरी वेळ झुलत राहायची. ती थांबेपर्यंत गावात दिवे लागलेले, भार बदललेला.

म्हणून सुरुवातीची वीजघरं डोळ्यांवर चालली. पॅनलवर एक दिवा असायचा आणि अनुभवी माणूस त्याच्या तेजावरून दाब ओळखायचा. ही थट्टेची गोष्ट नाही, ती माणसं त्यात खरोखर तरबेज होती. पण कार्बनच्या तंतूचा दिवा फार हळवा. दाब थोडासा वाढला की उजेड कितीतरी जास्त वाढतो आणि दिव्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. थोडा कमी झाला की तांबूस मंद उजेडाबद्दल गिऱ्हाईक तक्रार करतं. डोळा तर अंधाराला सरावतो, उजेडाला सरावतो, रात्री तीन वाजता दमतो. एकाला जो पुरेसा वाटतो तो उजेड दुसऱ्याला कमी वाटतो. पहिल्या पाळीच्या माणसाने दुसऱ्या पाळीच्या माणसाला काय सांगायचं? ‘कालच्यासारखाच ठेव’ म्हणायचं, तर कालचा उजेड कुठे लिहून ठेवलेला असतो?

१८८१ मध्ये पॅरिसला जगभरचे विद्युतशास्त्रज्ञ जमले आणि व्होल्ट, अँपिअर, ओम ही एककं ठरली. पुढची पंधराएक वर्षं मापनाच्या इतिहासातली सर्वांत गजबजलेली. लंडनमध्ये एअर्टन आणि पेरी या जोडीने थेट वाचता येणारे अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटर करायला घेतले. यातला एअर्टन तरुणपणी हिंदुस्थानच्या तार खात्यात नोकरीला होता, पुढे जपानात शिकवून आला होता. तारांच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांच्या अडचणी त्याने जवळून पाहिल्या होत्या. दोघांची यंत्रं सुटसुटीत होती, पण त्यातलं कायम चुंबक कायम राहत नसे. महिने जायचे तसं ते दुबळं व्हायचं आणि काटा खोटं बोलायला लागायचा.

जर्मनीतल्या सीमेन्सचा इलेक्ट्रोडायनॅमोमीटर या दोषापासून मुक्त होता, कारण त्यात चुंबकच नव्हतं. एक कुंडल स्थिर, दुसरं धाग्याला टांगलेलं, त्याची दोन टोकं पाऱ्याच्या वाट्यांत बुडालेली. वीज गेली की टांगलेलं कुंडल वळू पाहायचं. आपण वरची मूठ पिळून स्प्रिंगच्या जोराने त्याला परत शून्यावर आणायचं. मूठ किती अंश पिळली ते वाचायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, यंत्राच्या स्थिरांकाने गुणायचं, की अँपिअर मिळाले. मला हे यंत्र फार प्रामाणिक वाटतं. त्याच्यात फसवण्यासारखं काही नाही. एकदिश वीज (डीसी) असो की प्रत्यावर्ती (एसी), ते तितकंच खरं सांगतं. पण वर्गमूळ काढायला आणि पाऱ्याची वाटी न सांडता यंत्र समतल करायला शिकलेला, निवांत माणूस लागतो. बॉयलरवर कोळसा लोटणाऱ्या, व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या माणसाचं ते काम नव्हतं.

मग आला कार्ड्यूचा व्होल्टमीटर. ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनीअर्समधल्या कॅप्टन फिलिप कार्ड्यूने तो १८८० च्या दशकात केला आणि इंग्लंडातल्या कित्येक वीजघरांत तो भिंतीवर लटकला. त्याचं तत्त्व कोणालाही समजेल असं: तार तापली की लांबते. जवळजवळ मीटरभर लांबीच्या नळीत प्लॅटिनम-चांदीची केसासारखी तार वरखाली ताणलेली; वीज गेली की ती तापून लांबायची, ते लांबणं छोट्या चाकांमधून काट्यापर्यंत पोचायचं. शेजारी डायनॅमो आहे की नाही याच्याशी तारेला देणंघेणं नाही, वीज एकदिश आहे की प्रत्यावर्ती याच्याशीही नाही. मात्र तो स्वतःच बऱ्यापैकी वीज खायचा, काटा आळसावल्यासारखा हलायचा, आणि दाब भलताच चढला तर आतली तार जळून जायची.

याच सुमारास पॅनलवर दिसू लागलेला दुसरा प्रकार, मऊ लोखंडाचा तुकडा कुंडलात ओढून घेणारा, मूव्हिंग आयर्न. स्वस्त, दणकट, पण पट्टीवरचे सुरुवातीचे आकडे एकमेकांच्या अंगावर पडलेले. आमच्या पॅनलवरचे कितीतरी अ‍ॅमीटर याच जातीचे होते, म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही.

या सगळ्यांवर न्यायाधीश म्हणून केल्व्हिनचे तराजू होते. ते खरोखरच तराजू: वीज वाहणाऱ्या कुंडलांमधली ओढ एका दांडीवर सरकणाऱ्या वजनाने तोलायची. ग्लासगोच्या जेम्स व्हाइटच्या कारखान्यात ते बनायचे, शतांश अँपिअरपासून हजारो अँपिअरपर्यंतच्या वेगवेगळ्या आकारांत. भिंतीवरच्या काट्याबद्दल शंका आली की या तराजूपाशी निकाल लागायचा. रोजच्या कामाला मात्र न्यायाधीश पुरत नाही, रोजचा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार एडवर्ड वेस्टनने घडवला. या माणसाबद्दल मला जे वाटतं ते आदर या शब्दाच्या पलीकडचं आहे. १८५० मध्ये इंग्लंडात जन्म, १८७० मध्ये अमेरिकेत गेला, नेवार्कमध्ये डायनॅमो आणि दिवे करून नाव कमावलं. म्हणजे मोजमापाची अडचण त्याने पुस्तकात वाचलेली नव्हती, स्वतःच्या डायनॅमोपुढे उभं राहून सोसली होती. १८८० च्या दशकाच्या मध्यावर त्याने चालता धंदा सोडला आणि एवढ्या एकाच गोष्टीमागे लागला: काटा थेट व्होल्ट दाखवील, ताबडतोब थांबेल, आणि पुढच्या वर्षीही तेच सांगेल. १८८८ मध्ये त्याचा व्होल्टमीटर तयार झाला.

उघडून पाहिलाय का कोणी जुना मूव्हिंग कॉइल मीटर? नालेच्या आकाराचं चुंबक. त्याच्या टोकांना आतून गोल कापलेले मऊ लोखंडाचे तुकडे, मध्ये लोखंडाचाच एक छोटा दंडगोल, आणि या दोहोंमधल्या अरुंद फटीत बारीक तारेचं हलकं चौकोनी कुंडल. चुंबकाच्या क्षेत्रात टांगलेलं कुंडल ही कल्पना वेस्टनची नव्हे. फ्रान्समध्ये द’आर्सोनव्हाल आणि देप्रे यांनी १८८२ मध्येच तसा गॅल्व्हॅनोमीटर केला होता. पण तो टांगलेला होता, हलवला की बिघडणारा. वेस्टनने कुंडलाला पोलादी टोकं लावून ती रत्नाच्या खळग्यात बसवली, घड्याळातल्यासारख्या दोन केसस्प्रिंगा लावल्या आणि त्या स्प्रिंगांमधूनच वीज आत नेली, बाहेर आणली. फट सगळीकडे सारखी, म्हणून कुंडल कुठेही असलं तरी चुंबकाचा जोर सारखाच; म्हणून आकडे एकसारख्या अंतरावर. वर्गमूळ गेलं, टँजंट गेला, कोष्टक गेलं. कुंडल ज्या धातूच्या चौकटीवर गुंडाळलेलं असतं, ती चौकट हलताना तिच्यातच भोवरेप्रवाह उठतात आणि तेच ब्रेक लावतात. काटा निघतो आणि जागेवर जाऊन थांबतो, झुलत नाही.

चुंबक दुबळं होतं ही एअर्टन-पेरींची अडचण होती. वेस्टनने चुंबकं मुद्दाम अकाली म्हातारी केली. तापवून, निववून, थोडं चुंबकत्व आधीच काढून घेऊन, जे काही घसरायचं ते कारखान्यातच घसरू द्यायचं. उरलेलं मग वर्षानुवर्षं टिकतं.

तापमानाचं दुखणं त्याहून चिवट. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नुसत्या तांब्याच्या तारेचा व्होल्टमीटर सकाळी वीस अंशांना ताडून लावला आणि दुपारी खोली पंचेचाळीसवर गेली, तर ११० व्होल्टच्या जागी तो जेमतेम १०० दाखवील. विदर्भातला मे महिना ज्याने पाहिलाय त्याला हे उदाहरण काल्पनिक वाटणार नाही. वेस्टनने वेगवेगळे धातू वितळवून, मिसळून, तारा ओढून, तापवून पाहिल्या आणि शेवटी अशा मिश्रधातूंपर्यंत पोचला ज्यांचा रोध उष्णतेने जवळजवळ बदलतच नाही. तांबं आणि निकेलचं काँस्टंटन, तांबं, मँगनीज आणि निकेलचं मँगनिन. धातू कुठलाही असो, तापला की रोध वाढायचाच, हे तोवर सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्याला मात्र मीटर हवा होता, म्हणून त्याने ते गृहीतच धरलं नाही. आजही शंट, म्हणजे मीटरला समांतर जोडलेला रोध, उघडला की आत मँगनिनच्या पट्ट्या दिसतात.

आणि मग स्टँडर्ड सेल. मीटर कशाशी ताडायचा, या प्रश्नाला शेवट कुठेतरी असावा लागतो. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेने अँपिअरची व्याख्या चांदीच्या थरावरून केली: सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी बसवणारी वीज म्हणजे एक अँपिअर. त्याच वर्षी वेस्टनने आपल्या कॅडमियम सेलचं पेटंट घेतलं. इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची काचेची नळी, एका पायात पारा, दुसऱ्यात कॅडमियमचं पारदमिश्रण. २० अंश सेल्सियसला १.०१८३ व्होल्ट, आणि वर्षानुवर्षं तेवढेच. १९११ मध्ये तो सेल आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारला गेला आणि वेस्टनने त्यावरचा पेटंटचा हक्क सोडून दिला. आमच्या टेस्टिंगमध्येही एक होता, जाड लाकडी पेटीत. त्याच्यातून वीज घ्यायची नसते, फक्त त्याच्याशी तुलना करायची असते. पोटेन्शिओमीटर, म्हणजे दोन दाब एकमेकांशी ताडणारं यंत्र, लावताना आमचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळं केंद्र दादा म्हणायचं, ते मला दर वेळी सांगायचे, “मॅडम, याला तहान लागू द्यायची नाही आणि याच्याकडे पाणी मागायचं नाही.” याहून चांगली सूचना मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही.

दादांचीच दुसरी शिकवण म्हणजे टिचकी. काच आधी बोटाने हळूच वाजवायची, मग वाचायचं. पिव्हटचं, म्हणजे कुंडल ज्यावर फिरतं त्या पोलादी अणीचं, टोक इतकं बारीक असतं की कुंडल पिसासारखं हलकं असूनही त्या टोकाखालचा दाब प्रचंड होतो. पॅनलला धक्के बसून टोक जरा जरी चपटं झालं तरी काटा खऱ्या जागेच्या अलीकडेच अडकून बसतो. टिचकीने सुटतो. टिचकी मारल्यावर काटा सरकला तर त्या मीटरचं नाव यादीत जायचं.

कुंडल आणि चुंबकाच्या या सुंदर यंत्राचं प्रत्यावर्ती विजेपुढे काही चालत नाही. सेकंदाला पन्नास वेळा इकडे-तिकडे ढकललेला काटा शून्यावर नुसता थरथरतो. तिथे पुन्हा डायनॅमोमीटर, तापती तार आणि मऊ लोखंड यांनाच कामाला लावावं लागलं, या वेळी स्प्रिंगा आणि आकडे लावून. केल्व्हिनचा स्थिरविद्युत व्होल्टमीटरही होताच, पत्र्याच्या पात्यांमधल्या ओढीवर चालणारा, विजेचा एक थेंबही न पिणारा.

आतापर्यंत दाबाबद्दल आणि प्रवाहाबद्दल बोलले. विकायची असते ती ऊर्जा. एडिसनने गिऱ्हाइकाच्या तळघरात काचेच्या बरण्या ठेवल्या, झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या. मुख्य प्रवाहाचा एक बारीक हिस्सा शंटमधून बरणीत वळवलेला. जितकी वीज वापरली तितकं जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जायचं. महिन्याला माणूस येऊन पट्ट्या न्यायचा, तोलायचा, आणि मिलिग्रॅमवरून बिल निघायचं. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असायचा. लोकांचा विश्वास बसणं अवघड होतं. काटा नाही, आकडे नाहीत, दारात कोणी येऊन बरणी घेऊन जातो आणि पैसे मागतो. बँकर जे. पी. मॉर्गनच्या कचेरीचा एक किस्सा एडिसनच्या चरित्रात येतो. मीटर बरोबर आहे का हे पाहायला तिथे प्रत्येक दिव्याच्या जागी कार्ड टांगलं, किती दिवे किती वेळ लावले ते महिनाभर लिहिलं. हिशेब बरणीशी जुळेना. मग कळलं की रात्री झाडलोट करणारा माणूस दिवे लावून काम करायचा आणि त्या दिव्यांचं कार्डच कोणी ठेवलं नव्हतं. दिवसभर त्या दिव्यांखाली बसणाऱ्या कोणालाही रात्री काम करणाऱ्या माणसाची आठवण झाली नव्हती. बरणीने मात्र त्याचे तास मोजले होते.

पुढे १८८८ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीच्या शॅलनबर्गरने प्रत्यावर्ती विजेचा फिरता मीटर केला. आर्क दिव्यात निसटून पडलेली एक छोटी स्प्रिंग आपोआप फिरताना दिसली आणि त्यावरून त्याला सुचलं. घराघरांतल्या चकतीच्या मीटरांची कुळी तिथून सुरू होते. ती गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते, म्हणून मी तिथे थांबत नाही.

मला थांबायचंय इंग्लंडातल्या ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात. तिथल्या वीजघराचा प्रमुख आर्थर राइट याने एक यंत्र केलं होतं. काचेच्या वाकड्या नळीत द्रव, दोन टोकांना हवेचे फुगे. एका फुग्याभोवती गिऱ्हाइकाची वीज वाहणारी तार. वीज वाढली की हवा तापायची, द्रव ढकलला जायचा आणि शेजारच्या खुणांच्या नळीत ओतला जायचा. भार कमी झाला तरी ओतलेलं परत येत नाही. म्हणजे महिन्याच्या शेवटी त्या नळीत काय उरतं? गिऱ्हाइकाने एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, त्याची नोंद. क्षणभराच्या उसळीला ते दाद द्यायचं नाही, कारण हवा तापायला वेळ लागतो.

हे इतकं महत्त्वाचं का? वीज मोठ्या प्रमाणावर सहज साठवून ठेवता येत नाही. संध्याकाळी सात वाजता सगळं गाव एकदम जितकं मागेल तितकी यंत्रं उभी करून ठेवावी लागतात आणि दिवसभर ती रिकामी पडली तरी त्यांचं व्याज भरावं लागतं. एकाच युनिटाची किंमत कोण, कधी मागतं यावर बदलते. शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख सॅम्युअल इन्सल १८९४ च्या नाताळात ब्रायटनला गेला होता, तिथली लखलखणारी दुकानं पाहून चकित झाला, आणि या जास्तीत जास्त मागणीवरून दर लावायची राइटची पद्धत समजून घेऊन अमेरिकेत परतला. आज मोठ्या गिऱ्हाइकांच्या बिलावर ‘मॅक्सिमम डिमांड’ असा रकाना असतो, तो या काचेच्या नळीचा वारस आहे. कारखानदार त्या रकान्यावर चिडतात. मला वाटतं, त्यांनी ती नळी एकदा पाहावी.

दोन जनित्रं एकमेकांना जोडणं हा वीजघरातला सर्वांत काळजाचा ठोका चुकवणारा क्षण. आधी हेही दिव्यांवरच व्हायचं. दोन यंत्रांच्या मध्ये दिवे लावलेले. यंत्रांची लय जुळत नसेल तर ते उजळतात, मंदावतात. लय जवळ येते तसं ते उजळणं-मंदावणं संथ होतं, आणि पूर्ण काळोख झाला की स्विच मारायचा. यात एक गोम आहे: दिवे सांगतात की वेगात फरक आहे, पण येणारं यंत्र पुढे धावतंय की मागे रेंगाळतंय ते सांगत नाहीत. नायगारा धबधब्यावरच्या वीज कंपनीत काम केलेल्या पॉल लिंकनने सिंक्रोस्कोप केला. त्यात काटा गोल फिरतो. एका दिशेला फिरला तर यंत्र वेगवान, उलट फिरला तर मंद. आमच्या कंट्रोल रूममध्येही तोच होता. युनिट, म्हणजे एक जनित्र, जोडून घ्यायच्या वेळी आम्ही टेस्टिंगवाले मागे उभे असायचो. काटा घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरतोय, ऑपरेटरचा हात ब्रेकरच्या हँडलवर, अकरा ओलांडले, बाराच्या जरा अलीकडे, आणि हात वळायचा. ब्रेकर बसायला जो निमिषभर वेळ लागतो तो त्याच्या हाताला ठाऊक असायचा. टर्बाइनचा आवाज बदलला नाही की सगळे एकदम बोलायला लागायचे.

आणि चार्ट. अमेरिकेत ब्रिस्टलने गोल कागदावर शाईच्या पेनाने रेघ काढणारे मीटर १८९० च्या आसपास बाजारात आणले. कागद चोवीस तासांत एक फेरी घेतो. आमच्याकडे असे चार्ट शेवटपर्यंत होते. रोज सकाळी कागद बदलायचा, तारीख घालायची, पेनात लाल शाई भरायची. रात्री अडीचला काहीतरी झालेलं असलं आणि प्रत्येक जण वेगवेगळं सांगत असला, तरी रेघ एकच असायची. पाळीवरचा हेल्पर आणि मुख्य अभियंता, दोघांनाही तीच रेघ दिसायची, आणि हेल्पर जे सांगत होता तेच रेघेने सांगितल्याचं मी एकाहून अधिक वेळा पाहिलेलं आहे.

मुंबईचा संबंध इथे येतो. १८८२ मध्येच, म्हणजे पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी, क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. ते लावणारी कंपनी लगेच बुडाली. त्यानंतर १९०५ मध्ये वाडी बंदरचं वीज केंद्र, १९०७ मध्ये विजेची ट्राम आणि १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र. लोणावळ्याच्या तलावांमधलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरतं, खोपोलीत चाकं फिरतात, आणि त्यावर तेव्हा परळच्या गिरण्या चालायच्या. दिव्याच्या तेजावर दाब ओळखणं, पाऱ्याच्या वाट्या, जळणाऱ्या तारा, हे सगळं त्या मधल्या वीसपंचवीस वर्षांत दुसरीकडे होऊन गेलं. आपल्याकडे वीजघर मोठ्या प्रमाणावर आलं तेव्हा काटा वयात आलेला होता. खोपोलीच्या माणसाने आकडा लिहावा आणि परळच्या माणसाने तो मानावा, इतका तो विश्वासाचा झाला होता. मला वाटतं म्हणूनच आपल्याकडे त्याचं कोणाला नवल वाटलं नाही, आणि म्हणूनच आज तो भंगारात जाताना कोणाला काही वाटत नाही.

जुनी युनिटं बंद होताहेत, पॅनलं उतरताहेत, पडद्यावर आकडे आलेत. आकडे अचूक आहेत, माझी त्याबद्दल तक्रार नाही. काटा किती वेगाने चढतोय हे मान न वळवता कळायचं ते आता कळत नाही, हे मात्र खरं आहे. तरुण ऑपरेटरांनी आलेख लावून ती उणीव बरीचशी भरून काढली आहे. माझी विनंती उतरवणाऱ्यांना आहे. एक पूर्ण पॅनल ठेवा, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला द्या. आणि उतरवताना एवढं करा. करंट ट्रान्सफॉर्मरवरचा, म्हणजे मोठा प्रवाह लहान करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, अ‍ॅमीटर काढण्याआधी त्या ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं आधी आपसात जोडा, सर्किट चालू असेल तर उघड्या टोकांवर जिवावर बेतेल इतका दाब येतो. मूव्हिंग कॉइल मीटर गाडीत घालण्यापूर्वी त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये तारेचा तुकडा अडकवा. वाटेत धक्के बसले तरी कुंडल स्वतःच स्वतःला ब्रेक लावील आणि काटा आपटणार नाही. आतलं चुंबक त्याच्या लोखंडापासून वेगळं काढू नका, काढलं की त्याचा जोर उतरतो आणि परत बसवून भरून येत नाही. काही जुन्या मीटरांत पारा असतो, ते आडवे करू नका. मागे चिकटवलेलं कॅलिब्रेशनचं कार्ड तसंच राहू द्या. त्यावर तारखा आहेत, फरक आहेत आणि ताडून पाहणाऱ्यांच्या सह्या आहेत.